व्ह्यू आहे, खिडकी नाही

अमृतसरच्या सुवर्णमंदिराला चार दरवाजे आहेत. मंदिरापासून 'चालत पाच मिनिटांवर' असलेल्या स्वस्त हॉटेलातल्या खोलीला एक खिडकीही नाही.

चार दरवाजे कशासाठी? चारी दिशांनी कुणीही यावं, जात-धर्म विचारला जाणार नाही, म्हणून. खिडकी का नाही? तिच्या जागी शेजारच्या हॉटेलची भिंत आली म्हणून. शेजारच्याच्या खिडकीच्या जागी ह्याची भिंत आहे. फिटंफाट.

तरीही खोलीचं नाव काय? 'गोल्डन टेंपल व्ह्यू डिलक्स'.

ज्याने हरमंदिर साहिब, म्हणजे हेच सुवर्णमंदिर, एकदा पाहिलंय, त्याने जरा आठवावं. मंदिर सरोवराच्या मधोमध. सरोवराभोवती परिक्रमा, परिक्रमेभोवती चारी बाजूंनी इमारती. एरवी देवळात पायऱ्या चढून जातात, इथे उतरून जावं लागतं. नम्र व्हा आणि खाली या, असा त्यातला भाव सांगतात. आता हे रस्त्यापेक्षा खालचं, पाण्यामधलं, इमारतींच्या आडचं मंदिर दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या झडपेतून कसं दिसणार?

दिसतं ना! गच्चीवर जायचं. पाण्याच्या काळ्या टाकीमागे उभं राहायचं. डावा पाय पाइपावर, उजवा हात डिशच्या दांड्याला, मान वाकडी. मग समोरच्या दोन हॉटेलांच्या पाट्यांमधून एक सोनेरी ठिपका दिसतो. मॅनेजर जिन्यातूनच विचारतो, "दिख रहा है ना जी?"

दिसतंय जी. व्ह्यूचे जादा पैसे आधीच मोजलेत. न दिसून सांगतो कुणाला?

नावांचं तर विचारूच नका. पॅलेस, ग्रँड, रॉयल, रेसिडेन्सी. अमृतसरमध्ये महाल म्हणावा असा एक आहे, रामबागेतला, महाराजा रणजितसिंहांचा उन्हाळी महाल. हरमंदिराला सोन्याचा पत्रा चढवणारे तेच हे रणजितसिंह. त्यांच्या महालात आता संग्रहालय आहे, मुक्काम करता येत नाही. उरलेल्या सगळ्या 'पॅलेसां'त मुक्काम करता येतो, बघण्यासारखं काही नाही.

काहींच्या नावात 'इंटरनॅशनल'ही असतं. पाकिस्तान जवळ आहे, त्यावरून असावं.

फोटोंबद्दल बोलून बोलून लोक थकले. तरी बोलूच. फोटोतल्या पलंगाभोवती वरात फिरेल. प्रत्यक्षात बॅग उघडली की दार उघडत नाही आणि दार उघडायचं तर बॅग बंद करावी लागते. फोटोत पलंगावर पांढऱ्या टॉवेलचा हंस बसलेला असतो. प्रत्यक्षात टॉवेल मागावा लागतो. तो येतो, तेव्हा हंस उडालेला असतो.

आमच्या खोलीत पडदा मात्र होता. छान, जड, मरून रंगाचा. सरकवला. मागे भिंत. भिंतीलाही मरून डिस्टेंपर दिलेला.

काय ही कलादृष्टी!

पण हॉटेलवाल्यांना तरी किती बोलायचं? दर्शनी भाग सजवायची विद्या त्यांच्यापुढे सरकारनेच मांडली. टाउन हॉलपासून सुवर्णमंदिरापर्यंतचा रस्ता २०१६ मध्ये 'हेरिटेज स्ट्रीट' झाला. वाहनं बंद झाली, दगडी फरशी आली, चालायला सुख आहे, हे सगळं मान्य. पण दोन्ही बाजूंच्या दुकानांना वरून एकसारखा लालसर मुखवटा चढवला. झरोके, कमानी, नक्षी. आत तेच पापड-वड्या, जुत्या, फुलकारी आणि बर्गर.

गुरू रामदासांनी १५७७ मध्ये वसवलेलं शहर. त्याला जुनं दिसण्यासाठी नवं बांधकाम करावं लागलं.

सरकारी झरोक्यामागे मोकळी हवा नसली तर तो वारसा. हॉटेलच्या पडद्यामागे खिडकी नसली तर मात्र फसवणूक? हा कुठला न्याय?

या गल्ल्या मुळात हॉटेलांसाठी नव्हत्याच. अठराव्या शतकात शीख मिसलींच्या, म्हणजे लढाऊ जथ्यांच्या, सरदारांनी आपापले कटरे, म्हणजे बंदिस्त मोहल्ले, वसवले, कटरा अहलुवालिया हे नाव तिथलंच. तो काळ अब्दालीच्या स्वाऱ्यांचा. १७६२ मध्ये त्याने मंदिरच उडवून दिलं होतं. अशा दिवसांत कोण रुंद रस्ते ठेवणार? आज त्या गल्लीत ई-रिक्षा वळत नाही. आगीचा बंब तर सोडाच. आणि तिथे घरांची हॉटेलं झाली, हॉटेलांवर मजले चढले, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. मग २०१६ मध्येच पंजाबात जुन्या शहरातल्या इमारतींचा बदललेला वापर मान्य करणारा कायदा झाला.

म्हणजे त्या घराचं हॉटेल झालंय हे कायद्याला पटलं. आत राहणाऱ्याला अजून पटायचंय.

कसं पटणार? जिन्यात मालकाच्या आजोबांची हार घातलेली तसबीर आहे. रिसेप्शनच्या मागे शिलाई मशीन आहे. सकाळी कुणाचा तरी डबा भरला जातो आणि कढीपकोड्याचा वास आपल्या खोलीत येतो, कढीपकोडा येत नाही. संकटकाळी बाहेर पडायच्या मार्गाचा हिरवा बाण जिन्याकडे बोट दाखवतो. जिना एकच. त्यावर जादा गाद्या रचलेल्या.

संकट आलं तर निदान मऊ तरी लागेल.

आता पैशांकडे येऊ. हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला. पुढच्याच महिन्यात पंजाबात गदारोळ उठला की हा कर गुरुद्वाऱ्याच्या सराईंवरही बसणार. शेवटी केंद्राला खुलासा करावा लागला. धार्मिक संस्थांच्या आवारातल्या हजाराच्या आतल्या खोल्यांना कर नाही. देव सुटला, ढेकूण सापडले.

मग २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या सगळ्या खोल्यांना सरसकट ५ टक्के. सातशेची खोली आणि सात हजारांची खोली, कराच्या दरबारात दोघी सारख्या. समता म्हणतात ती हीच.

पण १२ चे ५ झाले तेव्हा मधले सात गेले कुठे? रिसेप्शनवर विचारून बघा. "बिल चाहिए तो जीएसटी लगेगा जी." आणि बिल नको असेल तर? "फिर तो आप अपने ही आदमी हो."

आपण तत्क्षणी त्यांचे आदमी होतो. करबुडव्या उद्योगपतींबद्दल घरी गेल्यावर बोलू.

चेक-इन दुपारी बारा वाजता. का? हॉटेलांत तसंच असतं. पण हे शहर कुठलं? इथे माणसं मुळात पहाटेसाठी येतात. रात्री ग्रंथसाहिबाची पालखी अकाल तख्ताकडे जाते आणि पहाटेच्या अंधारात वाजत-गाजत परत येते. परिक्रमा चोवीस तास उघडी. पहाटे तीनला कडाक्याच्या थंडीत म्हाताऱ्या बाया झाडू मारत असतात, फरशी धुतली जात असते. त्यांना कुणी पगार देत नाही. पाच मिनिटांवर रिसेप्शनचा पगारी माणूस टेबलाखाली झोपलेला. उठवलं की एकच वाक्य, "रूम बारा बजे."

देवाचं दार रात्रभर उघडं आणि खोलीला मुहूर्त.

अर्थात 'अर्ली चेक-इन' आहेच. त्याचे वेगळे. खोली रिकामीच होती का? होती. मग जादा कशाचे? रिकामी असल्याचे.

थंडीचं सांगायलाच हवं. आपल्याकडे सोळा अंशांना स्वेटर निघतात. अमृतसरला जानेवारीत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि धुक्यात समोरची गाय दिसत नाही. अशा वेळी गीझर सात ते नऊ. 'चोवीस तास गरम पाणी' ही ओळ लिहिणारा माणूस घड्याळ वापरत नसावा. डोंबिवलीचे काका चार वाजता उठून मफलर गुंडाळून जिन्यात उभे राहतात आणि खाली बघून हिंदीचा मान ठेवतात, "गरम पानी कब आता है?"

त्याच वेळी पाच मिनिटांवर ऐंशी वर्षांचा सरदारजी सरोवरात डुबकी मारून वर येतो. त्याला हा प्रश्न पडत नाही.

"अहो, मग तुम्ही सराईतच का नाही राहिलात?" सुज्ञ वाचक विचारतील.

बरोबर आहे. मंदिराच्या आसपास शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या सराई आहेत. समिती १९२० ची, म्हणजे आपल्या बहुतेक हॉटेलसाखळ्यांची आजी. गुरू रामदास निवास आहे, माता गंगाजी निवास आहे, सारागढी निवास आहे. काही ठिकाणी जागा फुकट, काही ठिकाणी नावापुरतं भाडं. परदेशी प्रवाशांसाठी वेगळी झोपायची सोय आहे. फार दिवस तळ ठोकू देत नाहीत, तीन दिवसांत वाट धरा म्हणतात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर आपल्यातले काही तिथेच निवृत्त होतील.

मग तिथे का नाही? मध्यमवर्गाला विचारा. "छे, तिथे काय, सगळेच येतात."

सगळेच येतात! मुद्दा तोच आहे. सगळे येतात म्हणूनच तर ती जागा जगात नावाजली. आणि आपल्याला नेमकं सगळे येतात तिथे राहायचं नाही. हजारभर रुपये देऊन आपण खोली घेत नाही, रांगेतून सुटका घेतो. खोली फुकट मिळते तशीच.

म्हणून हॉटेलवाल्यावर फार चिडू नका. त्याने आपल्याला नीट ओळखलंय. गिऱ्हाइकाला सातशे रुपयांत महाल हवा, महालाला व्ह्यू हवा, व्ह्यूला नाश्ता हवा, आणि वर 'कमी करा ना थोडे'. खरं बोलून ह्या गिऱ्हाइकाला खोली विकता येईल? 'अंधारी खोली, एक भिंत, कोमट पाणी, स्वच्छ चादर, सातशे रुपये' अशी पाटी लावली तर तुम्ही जाल?

नाही जाणार. शेजारच्या 'पॅलेस'मध्ये जाल.

ओळखपत्राची तर मौज आहे. रिसेप्शनवर सगळ्यांची आधार कार्डं, दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स, मोबाइल नंबर, कुठून आलात, कुठे जाणार, नवरा-बायकोच का? मागे 'रूम आत्ता हवी तर शेवटचीच आहे' हा पाठ. एवढं सगळं लिहून घेतलेलं ते रजिस्टर संध्याकाळी भाजीच्या पिशवीखाली सापडतं. तुम्ही कोण हे त्यांना रात्री पुन्हा विचारावं लागतं.

मंदिराच्या लंगरमध्ये रोज साधारण पन्नास हजार माणसं जेवतात, सणावाराला लाखभर. एकालाही नाव विचारत नाहीत.

बाहेरच्या जोडाघराचंही तसंच. काउंटरवर चप्पल द्या, पितळी बिल्ला घ्या. तुमची झिजलेली चप्पल उचलणारा कधी डॉक्टर असतो, कधी मोठा व्यापारी, सेवा म्हणून उभा राहिलेला. हजारो जोड, आणि तासाभराने बिल्ला दिला की नेमका तुमचाच जोड हातात. हॉटेलमध्ये तीन दिवसांपूर्वी पैसे भरून केलेलं बुकिंग त्यांना सापडत नव्हतं.

व्यवस्थापनाच्या संस्थांनी अभ्यास दौरे काढावेत म्हणतात. काढा. चपलांपासून सुरुवात करा.

पंगतीची एक जुनी कथा आहे. गोइंदवालला गुरू अमरदासांना भेटायला अकबर बादशहा आला, तर त्यालाही आधी जमिनीवर पंगतीत बसून जेवावं लागलं, मग भेट. खरीखोटी इतिहासकार बघतील. पण त्या कथेवर वाढलेल्या शहरात आपला माणूस उतरतो आणि पहिला प्रश्न कुठला विचारतो?

"व्हीआयपी दर्शन कितीला?"

त्याची तरी काय चूक? शिर्डीला पास काढायची सवय, तिरुपतीला तीनशेची रांग. पैसे भरून देवापाशी लवकर पोहोचायचं असतं हे त्याला लहानपणापासून माहीत. इथे पैसे भरायची खिडकीच नाही म्हटल्यावर तो बावचळतो. हॉटेलच्या मॅनेजरला गाठतो. "कुछ सेटिंग?" मॅनेजर पहिल्यांदाच खरं बोलतो, "वहाँ नहीं होता जी."

पहिल्यांदा आणि शेवटचं.

नाश्त्याकडे वळू, कारण तो 'कॉम्प्लिमेंटरी' आहे. अमृतसर! तंदुरात भाजलेला, पापुद्रे सुटणारा कुलचा, वर लोण्याचा गोळा, बाजूला छोले आणि चिंच-कांद्याची चटणी. केसर दा ढाबा १९१६ पासून चाललाय, आधी शेखूपुऱ्याला, फाळणीनंतर अमृतसरच्या गल्लीत. देश तुटला, पण डाळ रात्रभर शिजवायची पद्धत त्यांनी सोडली नाही. अशा शहरात हॉटेल तुम्हाला सकाळी काय देतं?

ब्रेड-बटर. दोन स्लाइस. जॅम मागितला तर.

ते समजू शकतो, फुकटात कुलचा कोण देईल? पण आपली मंडळी तो ब्रेड खातात! 'पैशांत आहे ना' म्हणून. समोरच्या हातगाडीवर कुलचा फुगतोय आणि इथे गारढोण स्लाइसवर लोणी पसरेना म्हणून चमचा चहात बुडवून गरम करतायत. एखादी मावशी धीर करून विचारतेच, "पोहे मिलेगा क्या?"

पोहे पोह्यांच्या गावी मिळतात. तिथे जाऊन ह्या मावशी छोले-भटुरे मागवतात.

जाहिरातीत अंतरं छापलेली असतात. सुवर्णमंदिर ५ मिनिटं, बाजार २ मिनिटं, जालियनवाला बाग ३ मिनिटं. १३ एप्रिल १९१९ ला डायरच्या शिपायांनी त्या बागेत १६५० फैरी झाडल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, लोकांचा त्याहून कितीतरी मोठा. आता ती जागा 'पार्किंग उपलब्ध' आणि 'रूम सर्व्हिस'च्या मधल्या ओळीत आहे.

हॉटेलवाल्याने छापलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. २०२१ मध्ये नूतनीकरण झालं, तेव्हा आत शिरायच्या त्या अरुंद बोळाच्या भिंतींवर माणसांची शिल्पं बसवली. ज्या बोळातून बंदुका आत आल्या तिथे आता लोक शिल्पांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात. इतिहासकारांनी ओरड केली. फोटो काढणाऱ्यांना ती ऐकू गेली नाही, कानात वायर होती.

आणि 'पॅकेज'. ते आल्याशिवाय कुठला मुक्काम पुरा होतो? खोलीची किल्ली देतानाच मॅनेजर विचारतो, "बॉर्डर जाना है?" नाही म्हणणारा अजून जन्मला नाही. तीसेक किलोमीटरवर अटारी. ध्वज उतरवण्याचा सोहळा १९५९ पासून चालू आहे. बघायला पैसे पडत नाहीत, बसायची सोय सीमा सुरक्षा दलाची. तरी टॅक्सीवाला 'व्हीआयपी सीट'चे वेगळे घेतो आणि आपण देतो. एप्रिल २०२५ पासून सोहळा आवरता घेतला. फाटक बंदच ठेवतात, दोन्ही बाजूंच्या जवानांचं हस्तांदोलन होत नाही. रिसेप्शनच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये मात्र हात अजून हातात आहेत.

परराष्ट्र धोरण बदललं. पोस्टर छापायला खर्च येतो.

परत येऊन सगळे सांगतात, 'वाघा बघून आलो.' वाघा हे गाव पलीकडे, पाकिस्तानात. बिनव्हिसाचा एवढा मोठा पराक्रम आपल्याकडे रोज होतो आणि कुणाला पदक मिळत नाही.

निघताना अभिप्राय. इथे आपण खरे उतरतो. साबणाच्या दोन वड्या, शॅम्पूची पुडी, चहाची पाकिटं, सगळं बॅगेत गेल्यावर मोबाइल काढायचा. 'खोली लहान. टॉवेल मळका. पंजाबी लोक मोठ्याने बोलतात. पहाटे भजनाचा आवाज येतो. दोन तारे.' सुवर्णमंदिराशेजारी खोली घेऊन कीर्तनाच्या आवाजाची तक्रार! एकाने तर मंदिरालाच एक तारा कमी दिलेला वाचला. कारण? गर्दी.

मालकही काही कमी नाही. खाली त्याचं उत्तर असतंच. 'डिअर गेस्ट, तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.'

मराठी पर्यटकाकडे मात्र भाव पाडायचा एक हुकमी पत्ता असतो. घासाघीस अडली की तो टाकतो. "हमारे संत नामदेव का नाम सुना है?" मॅनेजरने ऐकलेलं असतं, आपल्यापेक्षा जास्त. गुरू ग्रंथसाहिबात भगत नामदेवांची ६१ पदं आहेत, तो लहानपणापासून ती ऐकतो. आपल्याला त्यातलं एक तरी येतं? तो हात जोडतो, डोळे मिटतो, "धन्य हो जी" म्हणतो.

भाव तोच ठेवतो.

मग दुसरा पत्ता, अटक. १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरपर्यंत गेले आणि मराठ्यांचे झेंडे अटकेपार लागले, हे पंजाबात सांगताना आवाज जरा खाली ठेवायचा असतो. लिफ्ट बंद आहे, आणि बॅगा चौथ्या मजल्यावर न्यायला मॅनेजरचाच पोरगा लागणार.

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने आलेल्यांचा तर तोराच वेगळा. वाटेत स्टेशनांवर लंगर मिळत गेलेला, पोट भरलेलं, खिसा शाबूत. ते उतरतात आणि ब्रेड-बटर पैशांत आहे की वेगळं, यावर अर्धा तास वाद घालतात.

नामदेवांवरून आठवलं, २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं. डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष. गुरदासपूर जिल्ह्यातलं हे गाव. नामदेवांनी आयुष्याची अखेरची वर्षं इथे काढली असं पंजाबी माणूस मानतो आणि तिथे त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. तेव्हा आपण किती गहिवरलो होतो! भाषणं काय, ठराव काय, पंजाब-महाराष्ट्राचं नातं काय. अमृतसरहून गाडीने निघालं तर अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. आता हॉटेलच्या रिसेप्शनवर घुमानची गाडी किती मराठी माणसं मागतात?

एकाने माझ्यासमोर मागितली. खोटं कशाला बोलू? मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या, टॅक्सीवाल्याला फोन लावला, दर विचारला, फोन ठेवला आणि सल्ला दिला, "उधर कोई नहीं जाता जी. इतने में तो बॉर्डर हो जाएगा. व्हीआयपी सीट के साथ."

गृहस्थांनी बायकोकडे बघितलं. बायकोने घड्याळाकडे.

"सीट पुढची आहे ना पण?" त्यांनी विचारलं.